हिलाल शिंप्याची स्टेपनी

हिलाल शिंप्याला आयुष्यात दोनच गोष्टींचा गर्व होता. एक म्हणजे, त्यानं शिवलेल्या लेंग्याची नाडी कधी कुणाची आत गेली नाही. आणि दुसरी, जय बजरंग कबड्डी संघाच्या टेम्पोत स्टेपनीवर त्याची हक्काची जागा होती.

टेम्पो म्हणजे एरवी शेंगांची पोती वाहणारी मागून उघडी गाडी. सामन्याच्या दिवशी तिच्यात बारा खेळाडू दाटीवाटीनं उभे राहत आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे आडवी टाकलेली स्टेपनी एकट्या हिलालसाठी मोकळी ठेवत. तिच्यावर चौघडी केलेलं गोणपाट असे. हिलाल त्यावर मांडी घालून बसे, गळ्यात टेप, टोपीत खोचलेल्या तीन सुया. शिंदखेड्याच्या रस्त्यावरून टेम्पो निघाला की दुकानदार खेळाडूंना सोडून आधी त्यालाच हात करत. हिलाल मान किंचित हलवून तो नमस्कार स्वीकारी. आमदारसुद्धा इतक्या ऐटीत जात नसतील.

बरं, हा माणूस कबड्डीतला कोण? कुणीच नाही. अंगानं वाळलेली शेवग्याची शेंग. लहानपणी एकदाच मैदानात उतरला, ‘कबड्डी’ हा शब्द दोनदा म्हटला आणि तिसऱ्याला त्याला धाप लागली. समोरच्या संघानं त्याला पकडलंसुद्धा नाही, पाणी पाजून परत पाठवलं. त्यानंतर तो बापाच्या पायमशीनवर बसला तो बसलाच. जुन्या बसस्टँडसमोर त्याचं दुकान. दुकान कसलं, टपरी. मशीन आत मावे, गिऱ्हाईक बाहेर उभं राही.

पण संघाला त्याच्यावाचून पाऊल टाकता येत नव्हतं, आणि त्याचं कारण एक चूक होती.

एकोणऐंशीच्या दिवाळीत हिलालवर कामाचा डोंगर पडला होता. त्यात झुलाल नावाचा एकोणीस वर्षांचा धटिंगण पोरगा आला. आपलं खेळायचं बनियन उद्याच्या सामन्याला पाहिजे म्हणून हटून बसला. हिलालनं तुकडे जुळवले, दोन्ही कुशींना, म्हणजे बाजूच्या शिवणींना, हातानं कच्चे टाके घातले आणि सकाळी मशीन मारू म्हणून बनियन खुंटीला अडकवलं. झुलाल पहाटेच येऊन ते घेऊन गेला. हिलालला ते उठल्यावर कळलं. तो धावत मैदानावर गेला तर झुलाल चढाई करून परतत होता आणि मागून एका पहिलवानानं त्याचं बनियन मुठीत धरलेलं होतं. कपडे धरायचे नाहीत, असा नियम आहे. पण नियम पंचाच्या शिट्टीत असतो आणि आमच्याकडच्या धुळीत ती शिट्टी कुणाला ऐकू येते? झुलालनं हिसका दिला. दोन्ही कुशी टरटरा उसवल्या, बनियन अख्खंच्या अख्खं पहिलवानाच्या हातात राहिलं आणि झुलाल उघड्या अंगानं मध्यरेषेवर येऊन पडला. तीन गुण!

झुलालला वाटलं, शिंपी काय डोकेबाज आहे. हिलालनंही त्याचा गैरसमज दूर करायची घाई केली नाही.

त्या दिवसापासून जय बजरंगची सगळी बनियनं कुशीला कच्च्या टाक्यांची. धरलं की उसवणार, उसवलं की खेळाडू सुटणार. मग मध्यंतराच्या पाच मिनिटांत हिलाल मैदानाच्या कडेला उकिडवा बसून ती उसवलेली बनियनं पुन्हा टाचून देई. दातात दोरा, डाव्या हातात बनियन, उजव्या हाताची सुई दिसतसुद्धा नसे. तेरा वर्षं हे चाललं. त्याबदल्यात त्यानं कधी काही मागितलं नाही. स्टेपनीवरची जागा तेवढी त्याची.

ब्याण्णव साली मात्र घोडं पेंड खाऊ लागलं.

त्या साली क्रिकेटचा वर्ल्ड कप टीव्हीवर लागला आणि खेळाडू पहिल्यांदाच रंगीत कपडे घालून आले. अख्खं शिंदखेडं भल्या सकाळी टीव्हीपुढे बसे. सगळे क्रिकेट बघत होते. मिरचीचे व्यापारी बन्सीलालशेठ मात्र कपडे बघत होते. कुणाच्या छातीवर काय लिहिलंय, बाहीवर काय लिहिलंय. चौथ्या दिवशी त्यांनी मुनीम भिकनला विचारलं, “हे जे कपड्यावर नाव टाकतात त्याला काय म्हणतात रे?”

“स्पॉन्सर म्हनतस शेठ.”

“मग आपण स्पॉन्सर व्हायचं.”

शेठनी जळगावच्या एका दुकानात बारा नायलॉनचे शर्ट सांगितले. रंग लाल. तोही साधासुधा नाही. नमुना म्हणून त्यांनी दुकानदाराला वाळलेली मिरची पाठवली होती. पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘बन्सीलाल रुपचंद, मिरचीचे व्यापारी, शिंदखेडे’, त्याखाली फोन नंबर, त्याखाली ‘एकदा खाल तर आठवण काढाल’. एवढ्या मजकुरात खेळाडूचा नंबर जेमतेम बगलेपाशी मावला. शर्ट पाडव्याला आले. पण शेठ पक्के व्यापारी. हरणाऱ्या घोड्यावर नाव कशाला लिहायचं? संघ धुळ्याच्या स्पर्धेत फायनलला पोहोचला तरच शर्ट द्यायचे, असं त्यांनी ठरवलं. तोवर ते गोदामात ठेवले, आणि तेही कुठे, तर मिरचीच्या ढिगावर. त्यांच्या घराण्याची रीतच होती ती. नवी वस्तू आली की पहिल्यांदा मिरचीच्या ढिगावर ठेवायची, मग वापरायची. नवीन स्कूटर ठेवली होती. थोरल्या सुनेलाही लग्नानंतर पाच मिनिटं बसवलं होतं, ती अजून सासऱ्यांसमोर शिंकते.

संघ कच्च्या टाक्यांच्या बनियनांत जिंकत जिंकत फायनलला गेला. समोर पाचोऱ्याचा वीर मारुती संघ. सामना आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी, धुळ्यात. आणि त्या आठवड्यात शेठचा करार झुलालच्या हातात पडला. झुलाल आता बत्तीस वर्षांचा, संघाचा कर्णधार. करारात लिहिलं होतं की संघानं शेठचेच शर्ट घालायचे आणि टेम्पोत शेठचा मुनीम येणार.

ते सांगायला झुलाल टपरीसमोर आला तेव्हा त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

“हिलालभाऊ, आते फायनलले शेठना कपडा घालना पडतीन. रेडीमेड शेत. फाटतच नही म्हने.”

“बरं शे,” हिलाल म्हणाला. त्याचा पाय मशीनवरच थांबला.

“फाटत नही म्हनीसन शिवानं काम बी नही... आनि टेम्पोमा शेठना मुनीम यी ऱ्हायना.”

“कोठे बठी तो?”

झुलाल रस्त्याकडे बघू लागला. टेम्पोत बसायला जागा एकच होती.

हिलालनं मशीन पुन्हा सुरू केलं. ज्या झंपरला तो बाही लावत होता, त्याला त्यानं त्या दिवशी दोन्ही बाह्या एकाच बाजूला लावल्या.

घरी त्याचं जेवण निम्म्यावर आलं. दोन भाकरी खाणारा माणूस एका भाकरीवर उठू लागला. त्याची बायको वच्छलाबाई जिभेनं तिखट, मनानं मऊ. तिनं चार दिवस वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी तोंड सोडलं.

“बठाले भेटनं नही म्हनीसन कोनी जेवन सोडस का? राजानी गादी व्हती का ती? चाकच ना टेम्पोनं!”

चाक होतं हे हिलाललाही ठाऊक होतं. तेरा वर्षं त्यावर बसून त्याच्या मांडीला वळ उठले होते. पण आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत हे त्याला तिथे बसल्यावर कळे, आणि हे बायकोला सांगायचं कसं, ते त्याला कळत नव्हतं.

रविवारी सकाळी टेम्पो त्याच्या टपरीवरून गेला. स्टेपनीवर मुनीम भिकन बसला होता, मांडीवर काळी पिशवी घेऊन. हिलालनं मान खाली घालून सुईत दोरा ओवायचं नाटक केलं. दोरा आधीच ओवलेला होता. टेम्पो दिसेनासा झाला तसा तो उठला, घरी गेला आणि म्हणाला, “धुये जास. बटनं आननी शेत.”

“रविवारना?” वच्छलाबाईनं विचारलं. पण तो यष्टीच्या दिशेनं चालू लागला होता.

धुळ्याच्या मैदानावर तोबा गर्दी. हिलाल सगळ्यांत मागे, एका कुल्फीवाल्याच्या गाडीआड उभा राहिला. समारंभ सुरू झाला. बन्सीलालशेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यात, हातात माईक. “फाटत नाही, विटत नाही, ताणला तरी तुटत नाही, असा कपडा मी आपल्या खेळाडूंना अर्पण करीत आहे!” शर्ट अजून गोणीत होते. शेठना ते प्रमुख पाहुण्यांच्या हातून आहेरासारखे द्यायचे होते, म्हणून तोवर कुणाला हातही लावू दिला नव्हता. पाहुण्यांनी गोणीचं तोंड सोडलं, आत डोकावले आणि सलग नऊ वेळा शिंकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खेळाडूंनी शर्ट घातले. पहिली दोन मिनिटं ठीक गेली. मग घाम आला.

महिनाभर ढिगावर पडून नायलॉनच्या धाग्याधाग्यात मिरचीची पूड बसली होती. ती घामात भिजली आणि कामाला लागली. जय बजरंगचे सात खेळाडू मैदानावर पाठ खाजवत, खांदे उडवत असे नाचू लागले की पाचोऱ्याच्या लोकांना वाटलं, हा काही नवीन डावपेच आहे. झुलाल चढाईला गेला. “कबड्डी कबड्डी कब... आक्छी!” पंचानं शिट्टी फुंकली. दम तुटला, झुलाल बाद. दुसरा गेला, त्याचंही तेच. तिसऱ्यानं शिंक दाबली, तर त्याचा शर्ट मागून धरला गेला. नायलॉन ते! ताणला, ताणला, हातभर ताणला, पण सोडायला तयार नाही. शेठनं खोटं सांगितलं नव्हतं, ताणला तरी तुटत नव्हता. खेळाडू मध्यरेषेपासून वीतभर अंतरावरून रबरासारखा मागे आला आणि पाचोऱ्याच्या चौघांच्या अंगावर आदळला. मध्यंतराला गुण होते सहा विरुद्ध एकोणीस.

कुल्फीच्या गाडीआड हिलालचा जीव तीळतीळ तुटत होता. आणि खरं सांगायचं तर एक कोपरा गारही होत होता. माणूस आहे, देव नाही.

लाल डोळ्यांनी कपाळ पुसताना झुलालला ती टोपी दिसली. सुया उन्हात चमकत होत्या. तो गर्दी कापत धावत आला.

“हिलालभाऊ! आठे काय करी ऱ्हायना? चाल!”

“माले कोन्ही बलायं नही,” हिलाल म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं.

“आते मी बलाई ऱ्हायनू ना!” झुलालच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते मिरचीचं होतं की कशाचं, हे हिलालनं तपासलं नाही. तो चालू लागला.

पाच मिनिटं. त्यातलं एक बोलण्यात गेलं. हिलाल उकिडवा बसला, खिशातलं ब्लेड काढलं आणि पहिल्या शर्टाची कूस वरपासून खालपर्यंत फाडली. मुनीम भिकन किंचाळतच धावला.

“ओ! शेठना कपडाले ब्लेड लावू नका!”

“शेठनं नाव पाठवर शे,” दातात दोरा धरून हिलाल म्हणाला. “मी कुसले हात लाई ऱ्हायनू.”

मुनीम पाठीवरची अक्षरं तपासू लागला. हिलालच्या बोटांची आग होत होती, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण सुई थांबली नाही. सात शर्ट, चौदा कुशी, बोटभर अंतरावर एकेक कच्चा टाका. पंचानं शिट्टी वाजवली तेव्हा तो शेवटची गाठ दातानं तोडत होता.

मग जे झालं त्याची गोष्ट धुळ्यात अजून सांगतात.

झुलाल चढाईला गेला. पाचोऱ्याच्या कोपऱ्यातल्या धिप्पाड गड्यानं त्याचा शर्ट धरला, आता सवयच लागली होती त्याला. टर्रर्र! शर्ट गड्याच्या हातात, झुलाल रेषेवर. गड्याला काय झालं ते कळायला वेळ लागला. तोवर त्याला घाम आला होता आणि हातात कापड होतं. त्यानं सवयीनं तोंड पुसलं.

“मरी गऊ रे माय! डोया गयात मना!”

तो आंधळ्यासारखा धावत जाऊन स्वतःच्याच कर्णधाराला धडकला. कर्णधारानं त्याच्या हातातून तो शर्ट हिसकला आणि बघू काय आहे म्हणून हुंगला. गाढवानं सुद्धा असलं अविचारी काम केलं नसतं. पुढच्या दहा मिनिटांत जय बजरंगचे सातही शर्ट एकेक करून पाचोऱ्याच्या हातात गेले आणि पाचोऱ्याचा अख्खा संघ शिंकू, रडू, डोळे चोळू लागला. उघड्या अंगाच्या जय बजरंगला आता ना खाज होती, ना शिंक.

मध्येच पंचानं सामना थांबवला. नंबराशिवाय खेळता येणार नाही. आता नंबर कुठून आणायचा? तेव्हा मुनीम भिकननं आपली काळी पिशवी उघडली. तिच्यात गोण्यांवर मार्का मारायचा, अक्षरं कापलेला पत्रा, ब्रश आणि शाईची बाटली होती. हिलाल जसा सुईवाचून कुठे जात नसे, तसा भिकन मार्क्यावाचून जात नसे. त्यानं सातही जणांना ओळीनं ओणवं केलं, पत्रा पाठीवर टेकवला आणि सपासप ब्रश ओढला. वर नंबर, खाली मार्का: ‘ब. रु., मिरची, पहिली प्रत, ओली करू नये’. पंचानं नियमाचं पुस्तक दोनदा चाळलं. अंगावर छापू नये असं त्यात कुठेही नव्हतं.

जय बजरंगनं बत्तीस विरुद्ध तीसनं सामना जिंकला. ढाल आणि कप घेताना सात गोण्या, म्हणजे सात खेळाडू, फोटोसाठी पाठमोरे उभे राहिले, कारण शेठनी तसाच हट्ट धरला. दुसऱ्या दिवशी पेपरात विजेत्या संघाच्या पाठी छापून आल्या आणि शेजारी पाचोऱ्याचा संघ, शेठच्या नावाचे शर्ट डोळ्यांना लावून रडताना. ‘इतकी तिखट मिरची कुणाची?’ म्हणून शेठकडे आठ दिवस चौकशा येत होत्या. ती शाई पावसाळ्यापर्यंत उतरली नाही, हा भाग वेगळा. दोघा खेळाडूंच्या बायका आठवडाभर नवऱ्यांशी बोलत नव्हत्या.

मैदानावरच शेठ खुशीत येऊन म्हणाले, “झुलाल, पुढच्या वर्षी शर्ट नकोतच. थेट अंगावर छापू!”

“शर्ट पाहिजे शेठ,” शाईनं चुरचुरणारी पाठ खाजवत झुलाल म्हणाला. “आनि शर्टसंगे हिलालभाऊ पाहिजे.”

हे हिलालनं ऐकलं नाही. शेवटची शिट्टी वाजली तेव्हाच तो निघाला होता. त्याला कुणी बोलावलं, त्यानं काम केलं, संपलं. स्टँडवर तो शिंदखेड्याच्या यष्टीची वाट बघत उभा राहिला, बोटं तोंडापुढे धरून फुंकर मारत. यष्टी आली नाही. टेम्पो आला. आणि थांबला.

वर सगळे उघडेबंब, ओरडून ओरडून घसे बसलेले. मुनीम भिकन दोरीला धरून एका पायावर उभा होता. स्टेपनीवर गोणपाटाच्या गादीवर कप ठेवलेला होता.

“हिलालभाऊ, आठे काय करी ऱ्हायना?” झुलालनं विचारलं.

“यष्टीनी वाट देखी ऱ्हायनू.”

“कप उचल आनि बठ. जागा तुन्हीच शे.”

हिलाल चढला. कप मांडीवर घेऊन बसला. वाटेवरचं सोनगीर मागे पडलं. मग त्यानं उसवलेले सात शर्ट मागून घेतले आणि हलत्या टेम्पोत टाचायला सुरुवात केली. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते मिरचीमुळे, असं तो पुढे जन्मभर सांगत राहिला.

दिवेलागणीला तो घरी आला. वच्छलाबाई चुलीपुढे होती.

“बटनं लयनात का?”

“इसरी गऊ.”

“वारे वा! आनि इतला उशीर? यष्टी भेटनी नही का?”

हिलालनं टोपी काढली, सुया मोजल्या, तिन्ही होत्या. मग पाटावर बसत तो म्हणाला, “यष्टीमा कोन उना? मी स्टेपनीवर उनू.”

वच्छलाबाईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, ताटात भाकरी वाढली आणि ठेच्याकडे हात नेला.

“ठेचा नको,” हिलाल घाईघाईनं म्हणाला.

तिनं ठेचा बाजूला सरकवला आणि तव्यावर दुसरी भाकरी टाकली.